एका घरात एक पदवी

माझी आणि माझ्या नवऱ्याची ओळख एक्स-रेच्या वर्गात झाली. वर्ग म्हणजे औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळं शिकवणं चालू असताना मध्येच पातेली आदळल्याचा आवाज यायचा. कोर्स एका वर्षाचा. बारावी झालेल्या कुणालाही प्रवेश मिळायचा, शाखा कुठलीही चालायची. मी सायन्सची होते, नर्सिंगला नंबर लागला नाही म्हणून इकडं आले. तो अजिंठ्याकडच्या एका गावातून आलेला, बारावी आर्ट्स. घरी कापूस-मक्याची शेती आणि दोन थोरले भाऊ. शेतात तिसऱ्याला काम नव्हतं, असं तो हसत सांगायचा.

त्या वर्षी आम्ही काय शिकलो, हे आता आठवायला गेलं की फार थोडं हाती लागतं. हात कसा ठेवायचा, छातीचा फोटो काढताना माणसाला कसं उभं करायचं, कुठल्या अवयवाला यंत्रावर कुठला आकडा लावायचा. आकड्यांचा एक तक्ता होता. तो पाठ झाला की विद्या आली. तोच आकडा का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगणाऱ्याला माहीत असेल असं आज वाटत नाही. किरणं घातक असतात, शिशाचा एप्रन घालावा, एवढं एक वाक्य मात्र वहीत होतं. परीक्षेत ते एका मार्काला यायचं आणि सगळ्यांना तो मार्क मिळायचा.

लग्नाला दोन्ही घरांतून नाराजी होती. आमचं घराणं एके काळी पोथी-पंचांगाचं, वडील जिल्हा परिषदेत कारकून. त्यांना जावई पदवीधर हवा होता. त्याच्या घरचे म्हणाले, शहरातली पोरगी गावात टिकायची नाय. आम्ही गावात राहायला गेलोच नाही, त्यामुळं ते खरं की खोटं हे कळायचं राहून गेलं. वर्गात मी त्याला अरे-तुरे करत असे. सासूसमोर अहो म्हणावं लागलं आणि मग ते तसंच राहिलं.

आम्हा दोघांना एकाच ठिकाणी नोकरी लागली, शहरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात. एक्स-रेची खोली जिन्याखाली होती, खिडकी नसलेली. एक यंत्र, एक एप्रन. तो बटण दाबायचा, मी पेशंटला धरायचे. हात मोडलेली लहान मुलं एका जागी राहत नाहीत. आई घाबरलेली असते, बापाला ते ओरडणं बघवत नाही, म्हणून एप्रन घालून मीच मुलाला धरून उभी राहायची. काम संपलं की तो माझ्या हातून एप्रन घ्यायचा, पुसायचा, चौपदरी घडी घालून कपाटात ठेवायचा. त्याला नीटनेटकेपणाची फार आवड. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर तो घडी मोडून पुन्हा घालायचा. दवाखान्याचे डॉक्टर बाहेरच्या लोकांना आमची खोली दाखवायचे. बघा, खोली ठेवावी तर अशी, म्हणायचे.

लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. मी काम चालूच ठेवलं. एप्रन होता, मग भीती कसली? चौथ्या महिन्यात ते गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, तरुण आहात, पुन्हा राहील. पुन्हा राहिलं नाही. काही वर्षं तपासण्या, औषधं, कुणी सांगितलेले उपास असं सगळं झालं. कशातच काही दोष निघाला नाही. शेवटी सासूबाईंनीच एकदा मला जवळ बसवून सांगितलं, लेकरू नाय तर नाय, तुम्ही दोघं एकमेकाला धरून ऱ्हा. त्यानंतर आम्ही तो विषय मिटवला. निदान ओठांवर तरी येऊ दिला नाही.

पुढं आम्ही जालना रोडवरच्या एका मोठ्या रुग्णालयात आलो. तिथं चांगली यंत्रं होती, फोटो थेट पडद्यावर दिसायचा, भिंतीवर एप्रन टांगायला जाड दांडे होते. मोठ्या ठिकाणची ऐट, असं तो त्या दांड्यांकडे बघून म्हणायचा. कामात तो चांगला होता. फार हुशार नव्हे, पण सावकाश आणि नेमका. आमचं घर मुकुंदवाडीत, भाड्याचं. पाणी येईल त्या दिवशी दोघांपैकी एकानं ड्युटी बदलून घ्यायची, एवढीच काय ती ओढाताण. असं आयुष्य शेवटपर्यंत चालेल, याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

मग नव्या कायद्याची बातमी आली. आमच्यासारख्या कामांना आता पदवी लागणार, प्रमाणपत्रावर भागणार नाही. जुन्या लोकांना हात लावणार नाहीत, असं काही जण म्हणत होते, आणि कदाचित कायद्यात तसं असेलही. पण आमच्या रुग्णालयाला दर्जाचं मानांकन मिळवायचं होतं. प्रशासनानं आम्हा सगळ्या तंत्रज्ञांना बोलावलं आणि सांगितलं की यापुढं यंत्रावर पदवीवालाच उभा राहील. जुन्यांना मुदत मिळेल, तेवढ्यात पदवी करा. कुणीतरी विचारलं की पदवीला प्रवेश कसा मिळतो. उत्तर आलं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं.

माझा नवरा माझ्या शेजारी बसला होता. घरी आल्यावर चहा घेताना म्हणाला, "तू कर. तुझं सायन्स हाय. माझं तर दारच बंद."

मी म्हटलं, बाहेरून बारावी सायन्स करता येते, तुम्ही तोवर ती करा, माझी पदवी झाली की तुमची सुरू करू. दोघांनी एकदम ड्युटी सोडणं शक्य नव्हतं. असं ठरलं, आणि ठरवताना आम्हाला दोघांनाही बरं वाटलं होतं.

मी संध्याकाळची पाळी मागून घेतली आणि सकाळी कॉलेजला जायला लागले. चाळिशी जवळ आलेली बाई अठरा वर्षांच्या पोरांत. माझ्या बाकावरची मुलं मला मॅडम म्हणायची. सुरुवातीला लाज वाटली. नंतर शिकण्याचीच चटक लागली. वर्षानुवर्षं जे आकडे आम्ही मंत्रासारखे लावत होतो, त्यांच्यामागं किती सरळ कारण होतं! एखादी भाषा नुसती पाठ म्हणत असावं आणि अचानक तिचा अर्थ कळायला लागावा, तसं झालं.

सुट्टीच्या दिवशी आणि माझी पाळी नसेल त्या संध्याकाळी मी त्याला शिकवायचे. त्यानं बारावीची पुस्तकं आणली होती, पण त्याला माझ्या पुस्तकातलं ऐकण्यात जास्त गोडी. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटायची आणि तो ओट्याला टेकून प्रश्न विचारायचा. एकदा मी विजेचा दाब आणि प्रवाह यांतला फरक समजावत होते. तो म्हणाला, "म्हंजे आपल्या हिरीवरली मोटार. दाब म्हंजे मोटारीचा जोर. किती लांब फेकती ते. आन् प्रवाह म्हंजे धार किती जाड."

मी म्हटलं, अगदी तसंच. तो खूश झाला. त्या दिवशी त्यानं स्वतःहून भाजीला फोडणी दिली. त्या घरात इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. मूल नसलेल्या घरात संध्याकाळ फार लांब असते. त्या दीड-दोन वर्षांत ती आम्हाला पुरत नव्हती.

दुसऱ्या वर्षी किरणांपासूनच्या संरक्षणाचा विषय आला. शिकवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा लहान होत्या, शांत बोलायच्या. गरोदर तंत्रज्ञ बाईला कुठली कामं द्यायची नाहीत, पेशंटला धरण्याचं काम तिनं का करू नये, अंगावर मोजणी करणारा बॅज का लावायचा, हे त्यांनी सांगितलं. आमच्या जिन्याखालच्या खोलीत बॅज कुणी पाहिलाही नव्हता. मग त्या एप्रनबद्दल बोलायला लागल्या. शिशाच्या एप्रनची घडी कधीच घालायची नाही, म्हणाल्या. घडी घातली की आतला थर तडकतो. वरून कापड चांगलं दिसतं, आतून भेगा पडलेल्या असतात. म्हणून तो टांगायचा आणि दर वर्षी यंत्राखाली धरून तपासायचा.

मुलं लिहून घेत होती. माझा पेन थांबला. माझ्या डोळ्यांपुढं ते कपाट आलं, त्यातला तो चौपदरी गठ्ठा, जुळलेले कोपरे. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा राग आला. घडी घालणाऱ्या त्याच्या हातांचा. नियम त्याला ठाऊक नव्हता तसा मलाही नव्हता, हे कळायला थोडा वेळ लागला.

तास संपल्यावर मी मॅडमना गाठलं. कुणा दुसरीचं म्हणून विचारावं असं ठरवलं होतं, पण तोंडातून स्वतःचंच निघालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही धरत होता तेव्हा अंगावर आलेली किरणं फार थोडी असणार. चौथ्या महिन्यात जाणं इतर पुष्कळ कारणांनी होतं. हेच कारण असण्याची शक्यता अगदी कमी आहे." आणि लगेच पुढं म्हणाल्या, "पण नाहीच, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

त्या खोटं बोलल्या नाहीत याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कधी कधी वाटतं, बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, आज काय शिकवलं? मी म्हटलं, आज तास झाला नाही. तो धडा मी त्याला कधीच शिकवला नाही. पुस्तकातली ती पानं तेवढी उलटून पुढं जायची. त्याला बारावीला ते नव्हतंच, म्हणून त्यानंही मागितलं नाही.

मानांकनाची तपासणी जवळ आली तेव्हा रुग्णालयानं आमच्या विभागासाठी एक प्रशिक्षण ठेवलं. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. आम्ही सगळे यंत्राच्या खोलीत उभे होतो, माझा नवरा मागं दाराजवळ. त्यांनी ऑपरेशन थिएटरमधून एक एप्रन मागवला. तिथं तो कुणीतरी घडी घालून खुर्चीखाली ठेवलेला सापडला होता. त्यांनी तो टेबलावर पसरला, फोटो काढला आणि आम्हाला पडद्याकडे बघायला सांगितलं. सगळं पांढरं दिसायला हवं होतं. त्या पांढऱ्यातून काळ्या रेघा गेल्या होत्या, जिथं जिथं घडी पडली होती तिथं तिथं, सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या.

ते म्हणाले, हा घालून उभं राहणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

मी मागं वळून पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली, आणि तिथंच त्याला कळलं असावं की मला हे नवीन नाही.

त्या दिवशी मला पाळी नव्हती. संध्याकाळी दोघं स्कूटरवरून घरी येताना त्यानं चिकलठाण्याच्या बाजूला एका चहाच्या गाड्याजवळ स्कूटर थांबवली. चहा मात्र मागितला नाही. कारखान्यांची पाळी सुटली होती, बसेस, सायकली, धूळ.

"तुला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"हो."

"कवापासून?"

"मागच्या वर्षापासून. कॉलेजात शिकवलं."

"मला नाय सांगितलं."

मी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. शक्यता अगदी कमी आहे, इतर कारणं पुष्कळ असतात, कुणी सांगू शकत नाही. मी ते दोनदा सांगितलं. तो ऐकत होता.

"कमी म्हंजे नाय असं नव्हं ना," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मी लई नीट घडी घालायचो."

मी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण धरलाही नाही. त्यानं स्कूटर सुरू केली आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर अभ्यास बंद झाला. तो रागावला नव्हता. मी पुस्तक काढलं की म्हणायचा, आज दमलोय. काही दिवसांनी मी काढणंच सोडलं. बारावीची परीक्षा आली आणि गेली. त्याला बसायचं नव्हतं. मी त्याला समजावलं, एकदा भांडलेही. शिकून घेतलं तर पुढं असं होणार नाही, उलट तुम्हीच दुसऱ्यांना सांगाल, असं म्हटलं. तो म्हणाला, "तू शिकलीस ना. बास झालं. एका घरात एक पदवी लई झाली."

मग एक दिवस तो प्रशासनाकडं गेला आणि यंत्रावरून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवा असा अर्ज दिला. मला हे विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. मुदत अजून संपलेली नव्हती. सगळ्यांना वाटलं, पदवीच्या अटीनं त्याला घालवलं. लोक हळहळले. जुन्या तंत्रज्ञांनी मिळून निवेदन द्यायचं ठरवलं, आम्हाला अनुभवावर ठेवा म्हणून. त्यांनी सगळ्यात आधी त्याच्याकडं सही मागितली, कारण त्याचंच नुकसान सगळ्यांना दिसत होतं. त्यानं सही केली नाही. अट बरोबर आहे, एवढंच म्हणाला. त्यांना ते आवडलं नाही. बायको पदवीवाली होणार, मग याला काय, असं कुणीतरी त्याच्या माघारी बोललं, आणि जे माघारी बोललं जातं ते माझ्यापर्यंत पोहोचतंच.

मी त्यांना खरं कारण सांगू शकले असते. पण ते सांगायचं तर कुठून सुरुवात करायची?

माझी पदवी झाली. पदवीदानाला तो आला. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील आले होते, मुलं झगा घालून त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. एका मुलाच्या वडिलांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, तुमची मुलगी कुठली? त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, मंडळी आहेत. ते गृहस्थ ओशाळले. आम्ही तिघंही हसलो. परतीच्या वाटेवर त्यानं माझं सर्टिफिकेट स्कूटरच्या डिकीत घातलं नाही, दुमडेल म्हणून. मी ते छातीशी धरून मागं बसले.

मुदत संपली आणि इतर जुन्यांनाही यंत्रावरून काढलं. काही महिन्यांनी रुग्णालयानं धोरण थोडं सैल केलं. जुन्या लोकांनी एक छोटा सुरक्षेचा अभ्यासक्रम केला तर पदवीवाल्याच्या देखरेखीखाली त्यांना काम करू द्यायचं ठरलं. विभागाची प्रमुख तोवर मी झाले होते. कोणाकोणाला परत घ्यायचं, हे मलाच कळवायचं होतं. निवेदन देणारे जवळजवळ सगळे परत आले. मी त्याला विचारलं, घरी नाही, रुग्णालयात, माझ्या टेबलासमोर बसवून, कारण घरी तो विषय निघाला की तो उठून जायचा. मी म्हटलं, अभ्यासक्रम फार नाही, मी शेजारी असेन.

तो म्हणाला, "माझा हात बटणावर जात नाय आता."

मी यादी त्याच्याशिवाय पाठवली.

लोक मला विचारतात, आमच्या विभागात शिकायला येणारे विद्यार्थीही विचारतात, ही पदवीची अट असावी का. खेड्यातल्या, आर्ट्स घेतलेल्या कितीतरी मुलांना ह्या कामातून शहरात पाय रोवता आला, ते दार आता बंद झालं, असं ते म्हणतात. त्यांचं खरं आहे. माझा नवरा त्याच दारातून आला होता. ते दार त्या वेळी बंद असतं तर आमची भेट झाली नसती. तरीही मी म्हणते, अट हवीच. मुलांना वाटतं मॅडम कडक आहेत.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर एक तक्रार आली. सिल्लोडकडचं एक कुटुंब होतं. साठी उलटलेल्या आईच्या गुडघ्याचा फोटो काढायला मुलगा तिला घेऊन आला होता. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसानं आमच्या आईला भलतंच विचारलं, असं त्याचं म्हणणं होतं. खिडकीवर कोण असतं, हे मला विचारावं लागलं नाही. चौकशी केली तेव्हा समोरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं, काका रोजच विचारतात. एक्स-रेला आलेली बाई असली की चिठ्ठी देण्याआधी खिडकीतून पुढं वाकतात आणि हळू आवाजात विचारतात, बाई, दिवस तर नाय ना गेले? तरुण असो, म्हातारी असो. बायका हसतात, काही चिडतात. आम्हाला वाटायचं तुम्हीच सांगितलं असेल.

खरं तर विचारणं नियमातच आहे, पण ते आतल्या तंत्रज्ञाचं काम. आणि साठीच्या बाईला कुणी विचारत नाही. मी तक्रारीला उत्तर दिलं की विचारणा सुरक्षेसाठी होती, गैरसमज झाला असेल तर दिलगीर आहोत. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. मी वर गच्चीत टाकीवर होते आणि तो खाली मोटारीपाशी. काम झाल्यावर तो वर आला, तेव्हा मी त्याला तक्रारीचं सांगितलं. म्हटलं, निदान म्हाताऱ्या बायकांना विचारू नका.

त्यानं पाइप गुंडाळायला घेतला. म्हणाला, "चेहऱ्यावरून वय कळंलच असं नाय. आन् मी एखादीला सोडली, तीच निघाली तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे एकाच स्कूटरवर गेलो. तो खिडकीवर बसला, मी आत गेले. दिवसभरात आमच्या विभागात आलेल्या प्रत्येक बाईला आत घेताना मी विचारलं, बाहेर तुम्हाला विचारलं का? सगळ्या हो म्हणाल्या.